न मागता पाणी

बालवाडीच्या बाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. "राजलक्ष्मीला घेऊन जा, ताई. पोरगी आडवी झालीय," एवढंच बोलल्या आणि ठेवून दिला. मी तशीच धावले. एप्रिल महिना, त्यात कळंबोलीचा रस्ता. ट्रेलरनी उडवलेली धूळ दातांत कचकच करते, आणि स्टील मार्केटच्या बाजूनं तापलेल्या लोखंडाची झळ अशी येते की डोळे उघडे ठेववत नाहीत.

बाई राजीला पंख्याखाली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ पांढरे पडलेले, जीभ कोरडी ठाक. मी दप्तर उघडलं. सकाळी भरून दिलेली बाटली काठोकाठ भरलेली, तशीच. झाकण फिरवायला तिच्या बोटांत जोर नाही, आणि उघडून द्या म्हणायला तोंडात शब्द नाही. भरलेली बाटली शेजारी ठेवून माझी पोरगी तहानेनं पडली होती.

"बाई, तुम्ही बघायचं नाही का?" मी म्हटलं.

"कुणाकुणाकडं बघू? बाकीची पोरं ओरडून मागतात. ही मागतच नाही." बाईंचा आवाज चढला, मग उतरला. "हे बघा, जूनपर्यंत तिला पाणी मागता येऊ दे. तोंडानं नाही तर हातानं, कसंही. मग आणा. उद्या काही वाईटवाकडं झालं तर लोक मलाच धरतील."

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण चूक काय होती त्यांच्या बोलण्यात? काहीच नव्हती, म्हणून तर जास्त डोकं फिरलं.

राजी पाच वर्षांची. चवड्यांवर चालते, टाच भुईला लागत नाही. दीड वर्षाची असताना 'बाबा' म्हणायची, 'भू' म्हणायची, मग एकेक शब्द कुठं गेला कळलंच नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, त्याला 'पोर जरा अबोल हाय' म्हणतात. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावलं. पोपटानं टोचलेला पेरू पनवेलच्या बाजारातून शोधून आणला, कारण तो खाल्ला की पोर बोलायला लागतं म्हणे. राजीनं पेरू आवडीनं खाल्ला. बोलली मात्र नाही.

मला तिच्याकडून कविता नको होत्या. 'पाणी पाहिजे' एवढं तिनं जगाला सांगावं, बस. मी काही जन्मभर बाटली घेऊन तिच्या मागं फिरायला उरणार नाही. आणि बालवाडीनं नाही घेतलं, तर पुढं कोण घेणार? दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दार लावून बसवायची का तिला, आयुष्यभर?

बेलापूरला एका ट्रस्टचं केंद्र आहे, तिथं संघप्रिया मॅडम अशा मुलांना शिकवतात. वयानं माझ्याहून लहान, चटईवर मांडी घालून बसणाऱ्या. त्यांनी राजीपुढं मणी ठेवले, पेला ठेवला, बराच वेळ नुसतं बघत राहिल्या.

"तिला तहान लागली हे तुम्हाला कसं कळतं, ताई?"

"कळतं की. ओठ चाटते, माठाकडं बघते. तेवढ्यात आत्या पाणी देतात."

"मग ती मागेल कशाला? मागायची गरजच पडली नाही कधी." त्यांनी स्वतःचा अंगठा ओठाला लावून दाखवला. "ही खूण. पाणी तिच्यासमोर धरायचं, खूण करून दाखवायची आणि थांबायचं. तिला काहीतरी करू द्या. आणि बोटांना काम द्या. कणीक मळू दे, फडकं पिळू दे, झाकणं फिरवू दे. हाताची आणि बोलण्याची तयारी दोन्ही बरोबरच चालू ठेवू आपण."

तेवढ्यात दारात पुढचं मूल आलं, जमिनीवर लोळून किंचाळत. त्याची आई घामाघूम झालेली. मॅडम उठल्या. मी राजीला उचललं. माझी बस जाणार होती, आणि बसमध्ये राजीचं हात फडफडवणं बघणारी माणसं वाट बघतच असतात. डोक्यात एकच शब्द धरून मी निघाले. थांबायचं.

घरी आल्यावर भरलेलं फुलपात्र राजीसमोर धरून मी बसले. अंगठा माझ्या ओठाला. ती पाण्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. तिनं हात पुढं केला, मी फुलपात्र मागं घेतलं. ती 'ईं' करून रडायला लागली.

"काय चाललंय?" आत्या मोरीतून बाहेर आल्या.

"शिकवतेय. मॅडमनी सांगितलंय, मागितल्याशिवाय द्यायचं नाही."

"पान्यासाटनं लेकराला हात पसराय लावती व्हय? आन इकडं ते."

आमच्या घरात पाण्याचं काय आहे ते सांगायला हवं. आत्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, मीही तिकडचीच. दारात कुणीही येऊ दे, गॅसवाला असो नाहीतर लाइटचं बिल टाकणारा, आत्या आधी तांब्या-फुलपात्र पुढं करणार. माझा नवरा शहाजी स्टील मार्केटात माथाडी. दिवसभर सळया उचलून, खांद्यावर गंज घेऊन तो जिना चढला की चप्पल काढायच्या आत पाणी हातात. आलेल्या माणसाला तोंडानं पाणी मागावं लागलं तर ती घरच्या बाईची नाचक्की, असं आत्यांचं म्हणणं. मलाही तसंच वळण. आणि आता मीच माझ्या पोरीपुढं भरलेलं फुलपात्र धरून मागं घेत होते.

संध्याकाळी हे आले. आत्यांनी सगळं आधीच सांगून टाकलं.

"जनावराचं बी पानी कुनी तोडत न्हाई," हे म्हणाले. "बाकीचं काय पन कर तिच्याबरोबर. पानी सोडून."

"बाकीचं तिला काय पाहिजे असतं? खेळणं? खाऊ? तुमच्या लेकीला पाण्याशिवाय कशाची ओढ हाय ते सांगा, त्याच्यासाठी थांबते."

ते खांदा दाबत बसले. उजवा खांदा सुजला होता, मलमाचा वास येत होता. "मग बस तूच," असं म्हणून ते गॅलरीत गेले.

दिवस तसेच जायला लागले. सकाळी मी यशोदाबाईंच्या पोळी-भाजी केंद्रात जायची. ट्रकवाल्यांचे आणि गोदामातल्या माणसांचे डबे असतात, परातभर कणीक सकाळीच मळावी लागते. मी गेले की राजी आत्यांजवळ. परत आले की मी फुलपात्र घेऊन बसायची. राजी माठाकडंही बघायची नाही. शांत, पोट भरलेल्या वासरासारखी. मी अंगठा ओठाला लावून लावून ओठ सोलवटून घेतला. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "तिला मधे कुणी पाणी देतंय का?"

नाही म्हटलं मी. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हे आत्यांना सांगितलं होतं. मग कोण देणार?

एक दिवस पोळी-भाजी केंद्रातला सिलेंडर संपला. दुसरा येईपर्यंत यशोदाबाईंनी घरी जा म्हटलं. मी दार लोटलं. आत्या माठाशी उकिडव्या बसलेल्या, एका हातानं राजीची मान धरलेली, दुसऱ्या हातानं फुलपात्र तिच्या ओठाला. मला बघून त्यांनी ते खाली ठेवलं नाही. उलट तिरकं करून शेवटचा घोटसुद्धा पाजला.

"व्हय, पाजते," त्या म्हणाल्या. "रोज पाजते. काय म्हननं हाय तुजं?"

"आत्या, मी कुत्र्यासारखी राबतेय तिच्यामागं. तुमी एका घोटात सगळं धुऊन टाकता."

"तुला काय ठावं हाय?" त्यांनी पदर खोचला. "भात्तरच्या दुष्काळात मी एवडुशी हुते. वरच्या आळीला एकाची हिर हुती. कळशी घिऊन हुबं ऱ्हायचं. त्यो म्हनायचा, नीट माग. मी मागायची. त्यो म्हनायचा, आयकू आलं न्हाय, परत माग. त्याची मान्सं हसायची. घरी आय तापानं फनफनलेली आन मी तितं परत परत मागत हुबी. तवाच ठरीवलं, माज्या दारात कुनाला पानी मागाय लागायचं न्हाय. आन तू माज्याच नातीला मागाय लावती."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण राग त्याच्यापेक्षा मोठा होता.

"तुमाला मागता येत होतं, आत्या. मागता आलं म्हणून तुमची आई प्याली. हिला मागताच येत नाही. तुमी गेल्यावर, मी गेल्यावर, ही कुणाच्या दारात उभी राहणार आणि त्या माणसाला कळणार कसं?"

आत्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप भरलं, माठ घासून भरला, आणि पिशवी उचलून गावाला निघाल्या. हे त्यांना नाक्यावर एसटीत बसवून आले. आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं, एवढंच.

आता राजीला बरोबर नेण्याशिवाय इलाज नव्हता. यशोदाबाई तोंडानं फटकळ, पण नाही म्हणाल्या नाहीत. "कोपऱ्यात बसव. तव्यापाशी नको," म्हणाल्या. मी तिला कणकेचा उंडा दिला. आधी नुसती बोटं लावून बघायची, चिकटलं की हात झाडायची. मग दाबायला लागली. मग मुठीत धरून पिळायला लागली, इतकं की कणीक बोटांच्या फटींतून बाहेर यायची. ओलं फडकं दिलं तर तेही पिळायची आणि खाली पडणाऱ्या थेंबांकडं बघत बसायची. हातात जोर येत होता, ते दिसत होतं. पण मला हातांत काही गोडी नव्हती. मला तो अंगठा पाहिजे होता.

मे महिन्यातला तो दिवस आठवला की अजून माझं मलाच नको होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की आज काही झालं तरी मागितल्याशिवाय देणार नाही. घरात आत्या नाहीत, मधे कुणी पाजणार नाही. यशोदाबाईंकडं पोचल्यावर बाटली तिच्यासमोर ओट्यावर ठेवली, तिचा हात पोहोचणार नाही अशी. तीन तवे पेटलेले, पंखा गरम हवा फेकतोय. राजीनं ओठ चाटले. मी अंगठा दाखवला. तिनं बाटलीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, स्वतःचं मनगट चावलं. मी पुन्हा अंगठा दाखवला. ती टेबलाखाली जाऊन बसली.

"मंजुषा, पोरगी कोमेजली बघ," यशोदाबाई म्हणाल्या.

"मागेल ती. आज मागेलच," मी म्हटलं आणि पोळी उलटली.

डबे भरायची घाई झाली. नाक्यावरचा टेम्पो येऊन उभा राहिला. डबे लावून मी वळले तर टेबलाखाली राजी नव्हती. बाहेर रस्ता, ट्रक. मी बाहेर पळाले, कुठंच नाही. आत आले तर मागच्या मोरीतून आवाज आला, चुळुक चुळुक.

मोरीतली तोटी पूर्ण उघडलेली होती. ती तोटी गंजलेली, मला स्वतःला जोर लावून फिरवावी लागते. राजीनं ती उघडली होती. पण नळाला पाणी नव्हतं, दुपारचं जातं. खाली बादलीत खरकटी भांडी भिजत घातलेली. कणकेचा तवंग, तेल, डाळीचे कण. राजी त्यात ओंजळ बुडवून पीत होती.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. दुसरा घातला. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आणखी एक ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"अगं मारतेस काय?" यशोदाबाईंनी माझा हात धरला. "पाणी दे तिला आधी."

मी बाटली दिली. ती घटाघटा प्याली, अर्धं अंगावर सांडलं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. माझी पोरगी मागायला शिकली नाही, पण खरकट्यातलं प्यायला शिकली, आणि ते मीच तिला शिकवलं. रडूही आलं नाही. नुसता संताप. मॅडमचा, आत्यांचा, बालवाडीच्या बाईंचा, देवाचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी बेलापूरला गेले आणि चपला न काढताच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. संघप्रिया मॅडमचा चेहरा उतरला.

"अहो ताई, सकाळपासून दुपारपर्यंत? थांबा म्हणजे मनात दोनचा पाढा होईल एवढंच. मग तिचा हात धरून अंगठा ओठाला लावायचा, आणि पाणी द्यायचंच. केलं किंवा नाही केलं तरी द्यायचं. तहानेनं कुणी शिकत नाही."

"मग तेव्हा सांगायचं होतं."

"मी सांगितलं होतं बहुतेक..."

"बहुतेक? मॅडम, माझी सासू घर सोडून गेलीय. नवरा धड बोलत नाही. पोरगी खरकटं पाणी प्यालीय. आणि तुम्ही बहुतेक म्हणता?"

बाहेर बसलेल्या आया आत बघायला लागल्या. मॅडम ओशाळल्या. "चुकलं माझं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्या दिवशी घाई झाली. मी पुन्हा विचारून घ्यायला हवं होतं." मग हळूच, "तोटी तिनं स्वतः फिरवली?"

"त्याचं कौतुक नंतर करा," मी म्हटलं.

पण घरी येताना तेच डोक्यात फिरत होतं. बाटलीचं झाकण न फिरवता येणाऱ्या पोरीनं गंजलेली तोटी फिरवली. मी दिवसभर तोंडाकडं बघत राहिले आणि शिकत होते हात. आनंद व्हायला पाहिजे होता. मला नुसता थकवा आला होता.

त्यानंतर सगळं परत पहिल्यापासून. पाणी धरायचं, मनात पाढा म्हणायचा, तिचा हात उचलून ओठाला न्यायचा, पाणी द्यायचं. हात असा यायचा जसं ओलं फडकं. सोडला की पडायचा. दिवसातून कितीदा तरी तेच. ह्यांना मी काही म्हटलं नव्हतं, पण एकदा कामावरून आले ते तसेच राजीसमोर बसले आणि फुलपात्र हातात घेतलं. पाढा मोठ्यानं म्हणायला लागले, माथाडींच्या टोळीत ओझं उचलताना आवाज देतात तसा. राजी दचकून मागं सरकली.

"हळू. गोदामात नाही तुमी," मी म्हटलं.

ते हळू झाले. त्यांचा खरबरीत हात लागला की राजी हात काढून घ्यायची. त्यांनी तळव्याला खोबरेल लावलं, परत बसले. असं आठवडाभर चाललं. मग एकदा, पाढा अर्ध्यात असताना, राजीचा अंगठा आपोआप वर आला आणि हनुवटीला लागला. ओठाला नाही, हनुवटीला. ह्यांनी पाणी दिलं. त्यांचे डोळे भरले होते, मी दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी लाटणं भिंतीवर आपटलं. मग परत एकदा हनुवटी. मग परत काही नाही. अशी ही पोर, देते ते हातातून काढूनही घेते. मेच्या शेवटी ती माझ्यासमोर खूण करायची, ह्यांच्यासमोर करायची, कधी नीट ओठाला, कधी गालाला. यशोदाबाईंनी पाणी पुढं केलं की नुसती बघत बसायची. म्हणजे घरातलं घरातच. बालवाडीच्या बाईंसमोर काय करणार होती? शाळा तोंडावर आली होती.

अशाच एका दुपारी आत्या परत आल्या. बरोबर बाजरी आणि शेंगदाण्याची पिशवी, पाय धुळीनं माखलेले. फोन नाही, निरोप नाही. मी उंबऱ्यातच तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी घेतलं, माझ्याकडं बघितलं नाही. पिशवी ठेवली आणि राजीजवळ बसल्या. राजी फडक्याशी खेळत होती. तिनं ओठ चाटले.

आत्या लगेच उठल्या. पिंपातून फुलपात्र भरलं आणि तिच्यासमोर धरलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घे, बाळा. तुला न्हाई मागाय लागायचं."

माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं.

राजीनं फुलपात्र घेतलं नाही. तिनं ते हातानं बाजूला सारलं, थोडं पाणी सांडलं. मग तिनं आत्यांच्या तोंडाकडं बघितलं. अंगठा उचलला आणि ओठाला लावला. नीट, मधोमध.

आत्यांच्या ध्यानात यायला क्षणभर गेला. मग त्यांनी फुलपात्र परत तिच्याकडं सरकवलं.

"माज्याम्होरं कशाला मागती?" त्या म्हणाल्या. "तुज्याच म्होरं धरलंय की. मी कवा न्हाई म्हनले तुला?"

राजीनं परत अंगठा लावला. या वेळी जोरानं, आणि 'ईं' केलं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना मी असं हरलेलं बघितलं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"द्या, आत्या," मी म्हटलं. "मागितलंय तिनं."

त्यांनी फुलपात्र तिच्या दोन्ही हातांत दिलं. राजीनं ते घट्ट धरलं, न सांडता सगळं संपवलं, रिकामं पुढं केलं, आणि पुन्हा अंगठा ओठाला लावला. आत्यांनी पदरानं नाक पुसलं आणि पिंपाकडं वळल्या.